बॅरन बेटाजवळचा कोअर: प्रत्येक काळा पट्टा म्हणजे एक उद्रेक का?

मृण्मयी: नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सेमिनारसाठी अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटाजवळचे गाळाचे कोअर (समुद्रतळात नळी खुपसून काढलेले गाळाचे उभे नमुने) हा विषय घेतलाय. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. लेखी नोंदी १७८७ पासूनच्या, मग दीडेकशे वर्षं शांतता आणि १९९१ मध्ये पुन्हा सुरू. त्याआधीचं सगळं समुद्रतळाच्या गाळातूनच वाचावं लागतं. फोटोत करड्या चिखलात काळे पट्टे दिसतात. ते मोजले की उद्रेकांची संख्या मिळेल का?

गाळवाली: नाही गं, आणि हे सेमिनारमध्ये ठासून सांग. बेटाचे पाण्याखालचे उतार तीव्र आहेत. भूकंपाने कडा ढासळली की जुनी राख घसरत खोल पाण्यात येते आणि तिचाही काळा पट्टाच होतो.

मी आधी पट्ट्याच्या दोन्ही कडा बघते. वरून पडलेल्या राखेचा तळ एकदम रेखीव असतो, वरची कड पुसट. कारण तळातले किडे नंतर ती उकरून वरच्या चिखलात मिसळतात. घसरून आलेल्या थराचाही तळ रेखीव असू शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नकोस. चिमूटभर नमुना ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धू, वाळव आणि सूक्ष्मदर्शकाखाली धर. थेट पडलेल्या राखेत धारदार कोपऱ्यांची काच (लाव्हा झटकन थिजून झालेले कण) भरपूर, फोरॅम (कवच असलेले सूक्ष्म समुद्री जीव) जवळजवळ नाहीतच. घसरलेल्या थरात त्याच काचेबरोबर उथळ पाण्यातल्या शिंपल्यांचा चुरा आणि झिजलेले कण येतात. हा चुरा दिसला की मी तो थर यादीतून काढते.

मग राख कोणत्या ज्वालामुखीची ते ठरवायला काचेचं रसायन. बॅरनची राख गडद, बेसाल्टी, म्हणजे सिलिका कमी असलेली. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख फिकट आणि सिलिकाने भरलेली, तीही या भागात सापडते.

डोलकाठी: २३ जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं पथक अभय मुधोळकरांच्या नेतृत्वाखाली ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून तिथेच तळाचे नमुने घेत होतं, आणि ज्वालामुखी राख ओकू लागला! मैलभर दूर जाऊन त्यांनी पाहिलं: पाच-दहा मिनिटांचे छोटे उद्रेक, दिवसा राखेचे ढग, अंधार पडल्यावर लाल लाव्हाची कारंजी. हे सगळं कोअरमध्ये उमटेल?

गाळवाली: बेटाच्या अगदी पायथ्याशी, कदाचित. तीसेक किलोमीटरवर एवढ्याशा राखेची नुसती धूळ बसते आणि किडे ती मिसळून टाकतात. म्हणून मृण्मयी, घसरलेले थर वगळून जो आकडा उरेल त्याच्यामागे ‘किमान’ लिही.

मृण्मयी: ताई, खूप आभार. वय काढायला राखेतलेच फोरॅम घ्यायचे का?

गाळवाली: राखेतले नकोत. पट्ट्याच्या लगेच खालचे आणि लगेच वरचे, तेही पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या जातींचे वेचून घे. कार्बन-१४ सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच चालतो. त्याहून जुन्या थरांसाठी फोरॅमच्या कवचांतल्या ऑक्सिजन समस्थानिकांचा आलेख वयं माहीत असलेल्या प्रमाण आलेखाशी जुळवावा लागेल.