मदत हवी आहे: कॉमेंट दिसत नाहीये, परत टाकू का?

किनारेकर (१९ जून २०२३)
कॉमेंट टाकून सहा दिवस झाले, साइटवर अजून दिसत नाही. परत टाकू का? दोनदा गेली तर दोन्ही बाद करतात असं ऑफिसातला एक जण म्हणाला. ३ जुलैला मुदत संपते. ज्याला नक्की माहीत आहे त्यानेच सांगा. अंदाज माझ्याकडेच भरपूर आहेत.

टवाळ_पोपट
कसली कॉमेंट? कुठल्या साइटवर? आम्हाला स्वप्न पडणार का?

किनारेकर
समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या पर्यावरण अहवालावर. लिहायचं राहिलं.

निवृत्त_अभियंता
उत्तम विषय. २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम तपासणी) अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, आणि तो अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा चालत नाही. सुनावणीला गणपूर्तीची अट नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तुम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.

किनारेकर
काका, मी न्यू जर्सीत आहे.

निवृत्त_अभियंता
मग तसं आधी लिहायचं. पोच मात्र तिथेही घ्या.

मीठभाकर
काकांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. रेग्युलेशन्स डॉट गव्हवर, म्हणजे सरकारच्या हरकती घेण्याच्या साइटवर टाकली असेल तर सबमिट केल्यावर एक ट्रॅकिंग नंबर येतो, तीच पोच. तो असेल तर कॉमेंट पोचली. साइटवर दिसणं ही वेगळी गोष्ट आहे. खात्याची माणसं आधी चाळतात, मग चढवतात, त्याला दिवस लागतात. दुसरं, डॉकेट (त्या विषयाची साइटवरची फाइल) बरोबर निवडलं होतं ना? एकाच प्रकल्पाची दोन-तीन डॉकेट असू शकतात. सुरुवातीच्या स्कोपिंगचं (अहवालात काय तपासायचं ते ठरवण्याचं) वेगळं, आताच्या अहवालाच्या मसुद्याचं (ड्राफ्ट ईआयएस) वेगळं.

किनारेकर
नंबर आहे. डॉकेटही बरोबर आहे, आत्ता तपासलं. पण शेजारणीने माझ्यानंतर दोन दिवसांनी टाकलेली दिसतेय, माझी नाही. म्हणून डोकं फिरलंय.

मीठभाकर
लिहिलंय काय?

किनारेकर
आमच्या गल्लीत एक छापील पत्र फिरत होतं, तेच. खाली नाव घातलं.

मीठभाकर
अहो, मग हेच कारण असणार! एकसारखी पत्रं आली की खातं त्यांचा एक गठ्ठा करतं. त्यातलं नमुन्याचं एखादं पत्र चढवतं, बाकीची मोजून ठेवतं. शेजारणीने बहुतेक स्वतःच्या शब्दांत लिहिलं असेल. तुमचं बाद झालेलं नाही, पण त्यात नवीन मुद्दा नसेल तर दहा हजार प्रती गेल्या तरी उत्तर एकच मिळतं. हे मतदान नव्हे.

स्पष्टवक्ता_७७
मतदान नव्हे आणि काहीच नव्हे. सगळा देखावा. ठरलेलं असतं, फक्त ४५ दिवस लोकांना बोलू देतात. ऑनलाइन सभेत तीन मिनिटं देतात, घंटा वाजली की माइक बंद. आणि तिकडे देवमासे मरून किनाऱ्याला लागताहेत, त्याचं काय?

सागरिका
देवमाशांवरून पुन्हा सुरू करू नका. हंपबॅक जातीचे देवमासे मरण्याचं प्रमाण २०१६ पासून वाढलेलं आहे आणि त्यावर 'नोआ'चा (केंद्राच्या समुद्र-हवामान खात्याचा) तपास २०१७ पासून चालू आहे. ज्यांची तपासणी करता आली त्यातल्या बऱ्याच जणांना जहाजाची धडक किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या. पवनचक्क्यांच्या सर्वेक्षणाशी संबंध दाखवणारा पुरावा नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलंय. तुम्हाला राइट व्हेल या दुर्मीळ देवमाशांची काळजी असेल तर ती रास्त आहे, चारशेसुद्धा उरलेले नाहीत. पण मग जहाजांचा वेग आणि चक्क्यांचे खांब समुद्रात ठोकण्याचे महिने यावर लिहा.

स्पष्टवक्ता_७७
जाहीर सांगितलं म्हणजे झालं का? पुरावा शोधला तर सापडेल.

सागरिका
इथे तरी शोधू नका, धागा मदतीचा आहे.

मीठभाकर
देखाव्याबद्दल बोलतो. मी मॅसॅच्युसेट्सला असतो, व्हिनयार्ड विंड या इथल्या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पाचं सगळं जवळून पाहिलंय. मसुदा डिसेंबर २०१८ मध्ये आला. मच्छीमारांनी आणि इतर खात्यांनी विचारलं, एकाच प्रकल्पाचं काय बघता, शेजारी आणखी येऊ घातलेत त्यांचा एकत्र परिणाम कुठे आहे? त्यावर बोएमला (हे अहवाल काढणारं केंद्राचं खातं) पुरवणी मसुदा काढावा लागला, जून २०२० मध्ये. मंजुरी मे २०२१ ला मिळाली, आणि चक्क्यांमध्ये एक-एक सागरी मैल अंतर ठेवायचं ठरलं. मच्छीमार तरीही खूश नाहीत, कोर्टात गेलेत, तो भाग वेगळा. पण 'काहीच नव्हे' हे खरं नाही.

कागदीघोडा
एक अवांतर. याच महिन्यात, ३ जूनला, कायदा बदललाय. नेपाखालच्या (असे पर्यावरण अहवाल मागणारा केंद्राचा कायदा) अहवालाला आता १५० पानं, फार गुंतागुंतीचा असेल तर ३०० आणि दोन वर्षांची मुदत. परिशिष्टं मात्र पानांत धरत नाहीत. म्हणजे पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

टवाळ_पोपट
१५० पानांचा अहवाल आणि परिशिष्टं खंड १ ते १८.

सागरिका
@किनारेकर, तुमचा स्वतःचा आक्षेप नक्की कशावर आहे? पक्षी, मासे, की किनाऱ्यावरून चक्क्या दिसतात म्हणून?

किनारेकर
चक्क्यांवर काहीच आक्षेप नाही, येऊ देत की. केबल आमच्या रस्त्याखालून जाणार आहे. भर सीझनमध्ये रस्ता खणला तर खालच्या मजल्यावरचं भाडं बुडेल. मला वाटलं हे सगळ्यांना माहीतच असेल.

मीठभाकर
आणि तुम्ही पाठवलेल्या छापील पत्रात केबल आहे?

किनारेकर
नाही. देवमासे आहेत.

टवाळ_पोपट
🙏

गार्डनस्टेटकर
मी इथलाच, नगरपालिकेच्या सभांना जातो, म्हणून लिहितो. दोन ठिकाणी लिहावं लागेल. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं, त्यापलीकडे केंद्राचं. चक्क्या केंद्राच्या हद्दीत, पण केबल राज्याच्या हद्दीतून जमिनीवर येते. बोएमच्या मसुद्यात जमिनीवरचं कामही तपासलेलं असतं, तेव्हा तिथे लिहाच. शिवाय राज्याच्या पर्यावरण खात्याचे किनारी परवाने वेगळे असतात, काफ्रा (किनारपट्टीवरच्या बांधकामाचा राज्याचा कायदा) वगैरे, आणि त्यांची हरकतीची मुदत वेगळी चालते. ती ३ जुलै नाही. फक्त गावावर विसंबू नका. राज्याच्या २०२१ च्या कायद्याने गाव अडून बसलं तर कंपनीला थेट बीपीयूकडे (राज्याचं वीज वगैरे सेवांचं नियामक मंडळ) जाता येतं, इथल्याच ओशन सिटी गावाच्या बाबतीत गेल्या वर्षी बीपीयूने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला.

निवृत्त_अभियंता
केबल आडव्या ड्रिलिंगने नेणार की चर खणून? वाळूखालून आडवं ड्रिलिंग केलं तर किनारा उकरावा लागत नाही, पण जिथे यंत्र उभं राहतं तिथे आवाज आणि ट्रक असतातच. रस्त्यात मात्र बहुधा चरच येणार. हा प्रश्न लेखी विचारा.

किनारेकर
काका, हे कामाचं. असं लिहू का: "उन्हाळ्यात रस्ता खणू नये ही विनंती."

मीठभाकर
विनंतीला 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येईल. मसुद्यातलं जमिनीवरच्या वाहतुकीचं प्रकरण उघडा, पान नंबर द्या. तिथे कामाचे महिने लिहिलेत का ते बघा. नसतील तर "लिहिलेले नाहीत, म्हणून भाड्याच्या व्यवसायावरचा परिणाम तपासलेला नाही" असं लिहा. त्यांना अंतिम अहवालाच्या परिशिष्टात त्याचं उत्तर द्यावं लागतं. उन्हाळा म्हणू नका, कुठल्या आठवड्यापासून कुठल्या आठवड्यापर्यंत ते लिहा. आणि हो, परत टाकली म्हणून काही बाद होत नाही.

किनारेकर (२१ जून २०२३)
पाठवली. मसुद्यात महिने आहेत, पण रस्त्याचं नाव चुकलंय! आमची गल्ली सोडून पलीकडची लिहिलीय. नकाशात आमची, मजकुरात ती. दोन्ही पानं जोडली.

गार्डनस्टेटकर
पलीकडच्या गल्लीतल्यांना सांगितलंत का?

किनारेकर
छापील पत्र त्यांनीच काढलं होतं.