जुन्या फोटोतल्या अनोळखी माणसांच्या गोष्टी रचणं, अजून कुणी करतं का?

तपकिरी_पुठ्ठा:
पाच-सहा वर्षं झाली जुने पोर्ट्रेट फोटो जमवतेय, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, पिवळे पडलेले, ज्यांना आता ओळखणारं कुणीच उरलेलं नाही असे. प्रत्येकाला मनातल्या मनात काहीतरी गोष्ट देऊन टाकते. एक बाई आहे, तिला मी मास्तरीणबाई म्हणते, चेहरा इतका कडक की बघितलं की आपलीच पाठ सरळ होते, आणि मी ठरवूनच टाकलंय की हिचं लग्न मोडलं आणि धाकट्या भावंडांना हिनेच वाढवलं. परवा अल्बम चाळताना एकदम वाटलं अगं ही खरी बाई होती, आणि मी बसल्या जागी तिचं लग्न मोडून मोकळी! तुम्हीपण करता का असं? आणि खरं काय ते थोडंतरी कळू शकतं का?

धूळझटक:
आधी मोजपट्टी घ्या. पुठ्ठा साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटर असेल तर कार्त द व्हिझिट, पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये पेटंट घेतलेला प्रकार, एकाच काचेच्या निगेटिव्हवर बरेच फोटो निघायचे म्हणून स्वस्त. त्याहून बराच मोठा, साडेसोळा सेंमी उंच वगैरे, तर कॅबिनेट कार्ड, तो १८६० च्या दशकात नंतर आला. मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव-पत्ता असेल तर तो स्टुडिओ तिथे कधी होता ते शोधा, वर्षं आपोआप आवळत येतात.
आणि चेहऱ्यावर जाऊ नका हो. काही सेकंद हलायचं नाही म्हटल्यावर हसू टिकवून दाखवा बरं. पायांमागे लोखंडी स्टँडचा तळ दिसतोय का बघा, डोकं स्थिर राहावं म्हणून मागे लावायचे. त्यावरून 'हा मेलेल्या माणसाचा फोटो' म्हणून नेटवर जे चालतं ना, डोकं फिरतं माझं, त्या स्टँडवर प्रेत उभं राहूच शकत नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची:
माझी फजिती ऐका. एक बाई आणि एक माणूस, वेगवेगळे फोटो, पण खुर्ची तीच, पडदा तोच, म्हणून मी त्यांना नवरा-बायको करून शेजारी शेजारी लावलं. मग त्याच खुर्चीत तिसरा सापडला, मग चौथा. खुर्ची स्टुडिओची! सगळ्यांच्या हातातलं जाडजूड पुस्तकसुद्धा तेच 😂 मी सगळ्यांना विद्वान समजत होतो.
पण गोष्टी रचणं सोडलं नाही, का सोडावं.

शिसपेन्सिल:
रचा की, फक्त फोटोच्या मागे लिहू नका. पुढच्याला वाटेल खरंच आहे. वेगळ्या कागदावर लिहा. आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवले असतील तर आजच काढा, फोटो खराब होतात.

तपकिरी_पुठ्ठा:
पाकिटं बदलली, थँक्यू. मोजलं, कार्त द व्हिझिटच आहे. मागे काहीच नाही, कोरा. मग भिंग घेऊन बसले तर स्टँड नाही दिसला पण बाईंचा डावा हात पुसट आलाय, म्हणजे हलला होता, आणि तिथेच खाली घोळापाशी जो डाग मी इतके दिवस बुरशी समजत होते तो डाग नाहीये, छोटासा बूट आहे. एकच. पोर फ्रेमबाहेर पळालेलं दिसतंय आणि ह्या त्याला धरतायत.
आता लग्न परत जुळवून द्यायचं का पोर भावंडांपैकी एकाचं म्हणायचं, सांगा.