बॉनेटखाली गादी : गरज की नुसती हौस?

चौथा गिअर (धागाकर्ता)

परवा शेजारच्या काकांच्या गाडीत वॉशरचं पाणी भरायला त्यांचं बॉनेट उघडलं आणि जीव जळला. गाडी माझ्याच मॉडेलची, फक्त वरचं व्हेरियंट. त्यांच्या बॉनेटला आतून काळी, जाडसर, अंगाला बेतून शिवल्यासारखी गादी, इंजिनचा आवाज आणि उष्णता अडवायला लावतात ती. माझ्या बॉनेटला नागडा पत्रा. गंमत म्हणजे त्या पत्र्याला गादीच्या क्लिपांची भोकं जागच्या जागी आहेत. साचा एकच, भोकंही पाडलेली, फक्त गादी काढून घेतलेली. पानावर बसवून पुरणपोळी उचलून न्यावी तसं.

माझी 2016 ची डिझेल हॅचबॅक. सकाळी चावी फिरवली की अख्ख्या सोसायटीला कळतं कोण कामावर निघालं ते. म्हणून पार्टच्या दुकानातून वरच्या व्हेरियंटचीच ओरिजिनल गादी मागवली. चार दिवसांत आली. 1,700 रुपये, क्लिपांचे वेगळे.

बसवण्याआधी एकच शंका होती, बॉनेट बंद केल्यावर गादी इंजिनच्या कव्हरला घासणार तर नाही? घरातून कणकेचे पाच गोळे आणले (कशाला हवेत ते सांगितलं नाही), उंच वाटणाऱ्या जागी ठेवले, वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि बॉनेट हलकेच बंद करून उघडलं. सगळ्यात चपटा झालेला गोळा पट्टीने मोजला तर अडीच सेंटीमीटर. गादी दीड सेंटीमीटरची. म्हणजे सुटलो. मग वॉशरची नळी आधी तिच्या खाचेत बसवली, गादी मधल्या क्लिपेवर टांगली आणि तिथून कडेकडेने दाबत गेलो. वीस मिनिटांचं काम.

बाहेर उभं राहिलं तर खटखट नक्की मऊ झाली आहे. आतही मला फरक जाणवतो. माझं मत असं की प्रत्येक डिझेलवाल्याने ही गादी बसवावी आणि कंपन्यांनी असल्या बारीकसारीक गोष्टीत हात आखडू नये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोल्हापुरी पाना

भावा, ओरिजिनल घातलीस म्हणून गप्प बसतो. पण "प्रत्येकानं बसवावी" म्हणालास तिथं माझा विरोध हाय. गॅरेज टाकून बावीस वर्षं झाली, बसवल्यात त्यापेक्षा जास्त गाद्या काढून फेकल्यात मी.

लोक ओरिजिनल घेत न्हाईत. ॲक्सेसरीवाला चंदेरी कागद लावलेला फोम दाखवतो, मागं गोंद, कापा आणि चिकटवा. दिसायला रॉकेट. एप्रिलात गोंद सुटतो, एक कोपरा खाली लोंबतो आणि तापलेल्या टर्बोजवळ जाऊन बसतो. एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं एसीतनं करपल्याचा वास येतोय. बॉनेट उघडलं तर फोम वितळून डांबरागत चिकटलेला. दुसऱ्याच्यात तो चंदेरी कागद लोंबून बॅटरीच्या प्लसवर टेकायच्या बेतात होता. टेकला असता तर काय झालं असतं, सांगायला नको.

आणि जुन्या इंजिनाचं तेल उडतंच. ते गादीत मुरतं. तेल प्यालेली गादी म्हणजे वात झाली की रं.

डेसिबल

ध्वनी हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून जरा लांबण लावतो.

चार सिलिंडरचं इंजिन 850 आरपीएमवर उभं असताना त्याची मूळ घरघर 28 हर्ट्झच्या आसपास असते. त्या आवाजाची लहर सुमारे 12 मीटर लांब. सच्छिद्र गादीला एखादा आवाज नीट गिळायचा तर तिची जाडी त्या लहरीच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास लागते. म्हणजे तीन मीटर जाडीची गादी! तुमची दीड सेंटीमीटरची. स्टिअरिंगमधून, सीटमधून जी थरथर येते तिच्यावर या गादीचा परिणाम शून्य. ती इंजिनच्या माउंटिंगमधून, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांतून येते.

डिझेलची खटखट मात्र वेगळी, ती हजार-तीन हजार हर्ट्झची. 2,000 हर्ट्झला लहर 17 सेंटीमीटर, चौथा हिस्सा चारेक सेंटीमीटर. इथे दीड सेंटीमीटर फेल्ट आणि त्यामागे पत्र्याच्या खाचांतली हवा मिळून थोडं काम करतात. तुम्हाला बाहेरून फरक वाटला तो खरा आहे.

आतला फरक बहुतेक मनाचा. इंजिन आणि तुमचे कान यांच्यामध्ये बॉनेट येतंच कुठे? मध्ये आहे फायरवॉल, डॅशबोर्डमागचा पत्रा. त्यातून वायरी, क्लच, स्टिअरिंगची भोकं गेलेली असतात आणि आवाज तिथून शिरतो. तेच 1,700 रुपये तिथली फाटकी रबरी बुचं बदलण्यात घातले असते तर जास्त शांतता मिळाली असती.

मग कंपन्या गादी घालतात कशाला? पासबाय चाचणीचा विचार करा. आयएस 3028 या भारतीय मानकाप्रमाणे गाडी मायक्रोफोनसमोरून पूर्ण रेझ देत नेतात, मायक्रोफोन मार्गाच्या मध्यरेषेपासून 7.5 मीटरवर. प्रवासी मोटारीला आपल्याकडे मर्यादा 74 डेसिबल. ही गादी म्हणजे अशा बाहेरच्या आवाजासाठीचा एक उपाय. एखादं मॉडेल तिच्याशिवायच मर्यादेत बसत असेल तर हिशोबनीस ती खुशाल काढतो.

चौथा गिअर

@डेसिबल, म्हणजे मी स्वतःच्या खिशातून शेजाऱ्यांच्या झोपेची सोय केली? काकांना बिल पाठवतो.

पण आतला फरक "मनाचा" हे मान्य नाही. खिडकी उघडी ठेवून पार्किंगच्या भिंतीजवळून गेलो की आधी खटखट आदळून आत यायची, ती कमी झाली आहे. ते तर बॉनेटवरूनच येतं ना?

डेसिबल

खिडकी उघडी असेल तर मुद्दा बरोबर. तेवढं मागे घेतो.

वऱ्हाडी ऊन

अरे राजेहो, तुम्ही सारे आवाजाच्याच मागं! आमच्या अकोल्यात मे महिन्यात 45 डिग्री. वरून सूर्य, खालून इंजिन, मधात बिचारं बॉनेट. माझ्या जुन्या गाडीले गादी नव्हती, आठ वर्षांत बॉनेटचा रंग पार पांढरा फटक पडला. आताच्या गाडीले गादी आहे, रंग अजून टकाटक. अजून काय पुरावा पाहिजे? गरमीच्या मुलखात गादी पाहिजेच.

रंगारी

भाऊ, तुमच्या त्या जुन्या गाडीचं छप्पर कसं होतं? पांढरंच पडलं होतं ना? छपराखाली तर इंजिन नाही.

कारखान्यात वरचा रंग साधारण 140 अंशांच्या भट्टीत भाजून निघतो. बॉनेटच्या पत्र्याची उष्णता त्याच्यापुढे किरकोळ. क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) जातो तो उन्हातल्या अतिनील किरणांनी, पक्ष्यांच्या विष्ठेने आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसायच्या सवयीने. गादी यातलं काहीच अडवत नाही. आता अपघातानंतर गॅरेजात पुन्हा रंगवलेलं बॉनेट असेल, तर तो रंग 60 अंशांच्या आसपासच सुकवलेला असतो. तिथे गादीचा थोडा उपयोग मी मान्य करतो. बाकी सावलीत लावा गाडी.

वऱ्हाडी ऊन

छप्पर पांढरंच होतं बापा. पण सावली कुठून आणू? ते बी सांगा.

वाशिष्ठीकाठचा

चिपळूणहून एक वेगळाच अनुभव. आमच्याकडे पाऊस लागला की भातखाचरातले उंदीर सुक्या, उबदार जागेच्या शोधात निघतात. रात्री नुकतीच उभी केलेली गाडी म्हणजे त्यांना धर्मशाळा.

गेल्या श्रावणात गाडी सुरू झाल्यावर लाल दिवा जाईना. बॉनेट वर केलं. गादीच्या मधोमध नारळाच्या करवंटीएवढा खड्डा कोरलेला, आणि कोरलेला सगळा कापूस खाली बॅटरीच्या मागे नीट रचून त्यात तीन गुलाबी पिल्लं. बाजूला आमच्याच घरातल्या शेंगदाण्याची टरफलं. वायरिंगचे दोन जोड कुरतडलेले. दुरुस्तीचा आकडा सांगत नाही, घरात अजून कुणाला माहीत नाही.

त्या दिवशी गादी उपटली ती परत लावली नाही. कोकणात गादी म्हणजे उंदरांना गृहकर्ज. बायको म्हणते पिल्लांना बाहेर सोडून आलात तेव्हा तुमचेच डोळे पाणावले होते, तो भाग वेगळा.

कोल्हापुरी पाना

+१. आमच्याकडं उसाच्या पट्ट्यात बी हेच. तंबाखूची पानं फडक्यात बांधून ठिवा, दर पंधरा दिवसाला बदला. डांबरगोळ्या नकोत, एसीतनं वास येतो.

श्टुटगार्टकर

असहमत. उंदीर गादीमुळे येत नाही, उबेमुळे येतो. इथे जर्मनीत हाच उद्योग मार्डर नावाचा मुंगसासारखा प्राणी करतो. रबरी नळ्या, वायरी आणि बॉनेटची गादी, सगळं चावतो. इतकं, की विम्यात मार्डरच्या नुकसानीचं वेगळं कलम असतं. त्यावर इथला उपाय म्हणजे वायरींना कडक प्लास्टिकची नळी, गाडीखाली तारेची जाळी आणि अल्ट्रासाउंडचं यंत्र. गादी मात्र कुणी काढून टाकत नाही.

वाशिष्ठीकाठच्यांची गादी गेल्यावर उंदीर गेले का, हे त्यांनीच सांगावं.

वाशिष्ठीकाठचा

गेले नाहीत. पण आता झोपायला कापूस नाही म्हणून फार वेळ थांबत नाहीत, एवढंच. :)

कलमबहाद्दर

कुणी कायद्याचं बोललंच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. उद्या गाडीला आग लागली तर विमावाला पहिलं बोट या गादीवर ठेवेल.

चौथा गिअर

कलम 52 हे आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलांशी छेडछाड करण्याबद्दल आहे. माझ्या आरसीत बॉनेटच्या गादीचा उल्लेख नाही, सीट कव्हरचाही नाही. शिवाय हा त्याच मॉडेलचा कंपनीचा पार्ट आहे.

विम्याचं मात्र पूर्ण खोडत नाही. कुणी वायर कापून हॉर्न लावला असेल किंवा गोंदाने फोम थापला असेल तर सर्वेअर प्रश्न विचारणारच. म्हणून बिल जपून ठेवलंय.

हायवेवाला

सगळ्यात मोठा फायदा विसरलात लोकहो! इंजिनला आग लागली की प्लास्टिकच्या क्लिपा वितळतात, गादी इंजिनवर पडते आणि आग विझते. म्हणून तर क्लिपा प्लास्टिकच्या.

कोल्हापुरी पाना

क्लिपा प्लास्टिकच्या असतात कारण स्वस्त असतात, दाबल्या की बसतात आणि ओढल्या की निघतात. जळालेल्या गाड्या बघितल्यात मी. तेलाची आग असली गादी पडून विझत न्हाई. कंपनीचं फेल्ट लवकर पेट घेत न्हाई, एवढाच त्याचा गुण.

आग लागली तर गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर, माणसं उतरव आणि लांब जा. बॉनेट सताड उघडू नको, वारं शिरलं की भडका. गादीच्या भरवशावर उभा राहिलास तर तुझी तेरावी आम्ही घालायची.

नवखा_१२३

मी काल नायट्रिल रबरची शीट आणली, एसीच्या पाइपला गुंडाळतात ती काळी. दुकानदार म्हणाला उष्णतेला चालते. लावू का? गाडी पेट्रोल, तीन सिलिंडर.

डेसिबल

ती साधारण 105 अंशांपर्यंतची असते. एसीच्या पाइपला उत्तम, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापत्या नळ्यांच्या) वर नको. शिवाय ती बंद छिद्रांची, उष्णता अडवते पण आवाज फारसा पीत नाही. तीन सिलिंडरची तक्रार थरथरीची असते, तिथे बॉनेटचा संबंधच नाही. आधी माउंटिंग तपासून घ्या. शीट घरच्या सोलरच्या पाइपला वापरा.

चौथा गिअर

इतक्या प्रतिसादांनंतर माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. "प्रत्येकाने बसवावी" हे मागे घेतो. कंपनीची मिळत असेल आणि भोकं तयार असतील तर बसवा, नाहीतर पत्रा नागडा राहिलेला बरा. आतल्या शांततेसाठी फायरवॉलची बुचं पुढच्या रविवारी बघतो. क्लचच्या भोकाशी टॉर्च मारला तर पलीकडचा उजेड दिसतोय, त्यामुळे डेसिबल बरोबर असण्याची दाट शक्यता.

आज सकाळी गादी तपासली. उंदीर नाही. पण एका उंचवट्यावर कणकेचा गोळा तसाच राहून गेला होता, खडखडीत वाळलेला. वाशिष्ठीकाठच्यांची गोष्ट आठवून आधी तो काढला.

वाशिष्ठीकाठचा

अहो, तुम्ही तर त्यांना नाश्त्यासकट खोली दिलीत!

नवखा_१२३

चौथा गिअर, क्लिपांचा पार्ट नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? भोकं माझ्याही बॉनेटला आहेत, आत्ताच खाली जाऊन बघून आलो.