बगाडाचा भयपट उजेडातच करा

सणावरच्या भयपटाला रात्रच लागते, असं बरेच जण म्हणतात. अजिबात पटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच टांगलेला बैलांचा लाकडी गाडा, रंगपंचमीला भर उन्हात ओढतात आणि खरी भीती तिथेच आहे: सगळं गाव समोर, पण सिनेमातल्या पात्राची हाक कुणाच्याच कानावर जात नाही.

खऱ्या यात्रेत कलाकार नेऊ नका. तिथे ट्रायपॉडवरून फक्त लांबचे शॉट घ्या, प्रत्येक किमान मिनिटभराचा. कलाकारांचे प्रसंग नंतर वेगळे, तीसेक माणसांत होतात. १३५ मिमीची लेन्स लावून लांबून घेतलं की तीच माणसं दाट गर्दी वाटतात. सण असा नंतर उभा करता येतोच: 'द विकर मॅन' या ब्रिटिश भयपटातला (१९७३) मे महिन्याचा उत्सव तर स्कॉटलंडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत चित्रित झाला. झाडांना खोटा मोहोर लावला आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून कलाकारांनी तोंडात बर्फ धरला.

घात करतो तो गुलाल. घामाने ओघळतो, झटकला जातो, आणि एकाच प्रसंगात सदरा कधी लाल तर कधी फिकट दिसतो. एकसारखे तीन सदरे ठेवा, प्रत्येक शॉटनंतर फोटो काढा. लेन्स फडक्याने पुसली तर चरे पडतात, आधी ब्लोअरने (हवा मारायच्या छोट्या रबरी पंपाने) धूळ उडवा. गुलालात लेन्स बदलायचीच नाही.

ढोलाने कॅमेऱ्याच्या माइकमधला आवाज फाटतो. रेकॉर्डर वेगळा ठेवा, सर्वात मोठा ठोका त्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. आणि दचकवायला वरून कर्कश संगीत नको. ढोल ऐन ठोक्यावर तोडा, मागे फक्त बैलांच्या घुंगरांचा आवाज राहू द्या.