कंपनीच्या मेडिक्लेमचं रिन्यूअल: को-पे घ्यावा, रूम रेंटला मर्यादा की चालण्याला व्हाउचर?

भोसरी एमआयडीसी, एचआर:
आमच्याकडे १४० जण आहेत, बहुतेकांचे आईवडील ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत. क्लेम वाढल्यामुळे विमा कंपनीने हप्ता वाढवून मागितलाय. ब्रोकर म्हणतो, आईवडिलांच्या क्लेमवर २० टक्के को-पे घ्या (म्हणजे बिलाचा तेवढा हिस्सा कर्मचाऱ्याने भरायचा), नाहीतर रूम रेंटला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा. शिवाय रोज दहा हजार पावलांना व्हाउचर देणारं अ‍ॅप. काय घ्यावं?

क्लेम डेस्क:
रूम रेंटची मर्यादा नको. ३ लाखांच्या विम्यावर दिवसाला ३,००० मिळतात. पेशंटने ६,००० ची खोली घेतली, आणि हॉस्पिटलचे दर खोलीप्रमाणे बदलत असतील, तर सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर), डॉक्टरांच्या व्हिजिट सगळंच निम्मं मंजूर होतं. चार दिवसांचं बिल धरा: खोली २४,०००, सर्जन-ओटी-व्हिजिट ८०,०००, औषधं-तपासण्या ३६,०००. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही, तरी १,४०,००० पैकी ५२,००० खिशातून जातात. २० टक्के को-पेमध्ये २८,००० गेले असते. को-पे घ्या, पण नेटवर्क हॉस्पिटलात (विमा कंपनीशी करार असलेल्या) शेअरिंग खोली घेतल्यास तो माफ, हे पॉलिसीत लेखी घालून घ्या.

कारखाना आरोग्य:
पावलांना पैसे नकोत. सीएनसी मशीनवरच्या माणसाचा फोन लॉकरमध्ये असतो. व्हाउचर नेतो तो आधीपासून रोज पळणारा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर पैशांचं बक्षीस देणाऱ्या आरोग्य कार्यक्रमाचा प्रयोग झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे यातून पुढचा हप्ता उतरेल असं मॅनेजमेंटला सांगू नका.

पैसे आरोग्य तपासणीला द्या. शिबिर गुरुवारी ठेवू नका, तुमच्याकडे साप्ताहिक सुट्टी असते आणि सुट्टीला कोणी येत नाही. फास्टिंग शुगरला किमान ८ तास उपाशी राहावं लागतं आणि थर्ड शिफ्टवाला रात्री दोनला जेवलेला असतो. त्याची एचबीए१सी ही साखरेची रक्ततपासणी करा, तिला उपास लागत नाही. अर्धं व्हाउचर तपासणीला, अर्धं डॉक्टरांना रिपोर्ट दाखवल्यावर. आकडा सुधारला की नाही हे बघू नका, नाहीतर ज्याला गरज आहे तोच येणार नाही. डॉक्टरांची भेट सगळ्यांनाच ठेवा. फक्त साखर-बीपीवाल्यांना ठेवली, तर व्हाउचरच्या यादीवरूनच शॉपफ्लोअरला सगळं कळतं.

भोसरी एमआयडीसी, एचआर:
रिपोर्ट आमच्याकडे ठेवावेत का? आणि काही जण आईवडिलांची वेगळी पॉलिसी काढू म्हणतायत.

क्लेम डेस्क:
रिपोर्ट लॅबकडून थेट कामगाराला. तुम्ही फक्त एकूण आकडे घ्या, तेही विभागवार नकोत: टूलरूममध्ये सहाच माणसं असतील तर ‘तिघांना साखर’ म्हटल्यावर नावं लपत नाहीत.

वेगळ्या पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, ग्रुपवर १८ टक्के आहे. म्हणून ती स्वस्त वाटते. पण तिथे जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुपमध्ये तो सहसा पहिल्या दिवसापासून धरतात. डायबेटिस, गुडघे, मोतीबिंदू असलेल्यांनी ग्रुप सोडण्याआधी नव्या पॉलिसीतला वेटिंग पिरियड वाचावा.