प्रकल्पाच्या पैशातून कारकुनाचा पगार : दरोडा नेमका कोण घालतंय?

व्हाउचर_फाईल
परवा इथंच एक पोस्ट फिरली. म्हणणं एवढंच की सरकारी संशोधन प्रकल्पातून ऑफिसच्या माणसाचा पगार काढणं हा संशोधनावर दरोडा आहे, विद्यापीठ ओव्हरहेड (सोयीसुविधांपोटी प्रकल्पातून स्वतःचा वाटा) घेतंच, मग अजून कशाला. टाळ्या भरपूर पडल्या. उत्तर दोन ओळींत बसत नाही, म्हणून वेगळा धागा.

३० लाखांचा, तीन वर्षांचा प्रकल्प धरा. ओव्हरहेड १० टक्के, म्हणजे वर्षाला एक लाख. त्यात वीज, पाणी, इंटरनेट, लेखाशाखा, सगळं आलं. आता काम मोजा. जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) बिड लावणं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) २२ नमुन्याच्या नोंदवहीत उपकरण, २३ च्या नोंदवहीत रसायनं, पीएफएमएसवर (सरकारी पैसे चुकते करायच्या प्रणालीवर) पुरवठादाराची नोंदणी, एकानं बिल चढवायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं, आणि वर्षअखेर १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर गेला त्याचा दाखला. हे करतंय कोण? जेआरएफ, म्हणजे प्रकल्पावरचा कनिष्ठ संशोधक. त्याला ३७,००० मिळतात ते संशोधनासाठी. महिन्याच्या २५ दिवसांतले आठ दिवस तो व्हाउचर डकवत बसला तर जवळपास १२ हजार कारकुनीवरच गेले. फक्त खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली दिसत नाहीत. दरोडा म्हणायचाच तर ह्याला म्हणा.

ताळेबंद
सर, हिशोब अर्धाच मांडलात. डीएसटीच्या (केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या) २०२० च्या मनुष्यबळ आदेशात 'सायंटिफिक ॲडमिनिस्ट्रेटिव्ह असिस्टंट' हे पद आहेच. महिना १८,००० अधिक घरभाडं. घरभाडं सोडून तीन वर्षांचे ६ लाख ४८ हजार, म्हणजे तुमच्या ३० लाखांतले साडेएकवीस टक्के. मग कापणार काय, उपकरण की रसायनं?

दुसरं. आकृतिबंधातली (मंजूर पदांच्या आराखड्यातली) कारकुनांची पदं भरणं हे राज्याचं काम. प्रकल्पातून माणूस मिळतोय हे एकदा दिसलं की वरून उत्तर ठरलेलं, "चाललंय ना तुमचं!" ते पद मग कायमचं मेलं समजा.

तेरणाकाठ
पदं राहू द्या हो, मार्चचं बोला. पूर्वी अनुदानाचा हप्ता खात्यात येऊन पडायचा, शिल्लक परवानगी घेऊन पुढच्या वर्षी नेता यायची. आता झिरो बॅलन्स खातं. तुम्हाला मिळते फक्त खर्चाची मर्यादा, पैसा दिल्लीतच. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत. माल येतो २४ तारखेला, तपासणी अहवालावर सह्या २७ ला, आणि २९ ला कळतं की मंजुरी देणाऱ्याच्या डिजिटल सहीची मुदतच संपलीय. नवं टोकन येईस्तोवर एप्रिल उजाडतो. ह्याला वेगळा कारकून काय करणार?

व्हाउचर_फाईल
हेच करणार! जानेवारीत सहीची मुदत बघणं, पुरवठादाराचं बँक खातं आधीच पडताळून ठेवणं, हेच तर त्याचं काम. पुरवठादाराच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पडताळणी अडकते. जेआरएफला हे पहिल्यांदा कळतं ते मार्चमध्येच.

ताप_मोजणी
सगळे कारकुनावर घसरायलेत. खरी चोरी जीएसटीत झाली. संशोधन संस्थांना उपकरणावर ५ टक्के लागायचा, १८ जुलै २०२२ ला तो १८ झाला. २० लाखांचं यंत्र २१ लाखांत बसायचं ते २३ लाख ६० हजारांवर गेलं. फरक २ लाख ६० हजार. एका प्रकल्पाचं अख्खं ओव्हरहेड गिळायला थोडंच कमी! त्याच्यापुढं तुमचा कारकून किस झाड की पत्ती.

तेरणाकाठ
बरोबर. आणि २०२५ च्या जूनमध्ये शास्त्रीय खरेदीची मर्यादा वाढली, कोटेशनशिवाय दोन लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत २५ लाखांपर्यंत, शिवाय जेमबाहेरून घ्यायची मुभा. तरी लेखाशाखा जुनंच परिपत्रक पुढं करते.

ताळेबंद
लेखाशाखा, लेखाशाखा! आक्षेप निघाला की ऑडिटसमोर उभं कोण राहतं? मुख्य संशोधक तोवर पुढच्या प्रस्तावाला लागलेला असतो. मुभा आदेशात असते, पण जेमबाहेर का घेतलं याची टिप्पणी फाईलवर लागते. ती लिहायला मात्र कुणाचा हात चालत नाही.

बाभूळबन
परभणीला कृषी विद्यापीठात बघा की. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत ७५ टक्के आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद), २५ टक्के राज्य, आणि कर्मचाऱ्यांचा पगार त्यातच धरलेला. तिथं कुणी दरोडा म्हणत नाही.

ताळेबंद
ताई, ती मंजूर पदांची कायम योजना. तीन वर्षांच्या स्पर्धात्मक प्रकल्पाशी तिची तुलना म्हणजे ज्वारीच्या भावात केशर मोजणं.

पैठणचा_घाट
तुलनाच करायची तर अमेरिकेची करा, वाद तिथलाच जुना. १९९१ पासून विद्यापीठांना अप्रत्यक्ष खर्चातल्या (म्हणजे ओव्हरहेडमधल्या) प्रशासकीय भागावर २६ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. कारकुनी पगार थेट प्रकल्पावर टाकायचा नाही हा सर्वसाधारण दंडक. पण २०१४ च्या नियमांनी वाट ठेवली. काम त्या प्रकल्पाचा अविभाज्य भाग हवं, माणूस नेमका त्याच प्रकल्पाला जोडून दाखवता यावा, आणि तोच खर्च अप्रत्यक्ष खर्चातून पुन्हा वसूल झालेला नसावा. ही शेवटची अट इथं कुणीच बोलत नाही.

ताप_मोजणी
म्हणजे तिकडं सगळं आलबेल? वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या तिथल्या एनआयएचनं २०२५ च्या फेब्रुवारीत अप्रत्यक्ष खर्चावर सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा आणली आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यांचं लोणचं आपल्या ताटात कशाला?

पैठणचा_घाट
लोणचं नको तर नका घेऊ, अट तेवढी घ्या. आपल्याकडं ओव्हरहेड विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात वर्ग झालं की उपयोगिता प्रमाणपत्रात 'खर्च' दिसतं. पुढं त्याचं काय झालं हे मुख्य संशोधकालाही कळत नाही. त्याच पैशातून लेखाशाखेत कंत्राटी माणूस बसवला असेल आणि वर प्रकल्पातही सहायक घेतला, तर एकाच कामाचे दोनदा पैसे. ताळेबंद तेच सांगायलेत, फक्त रागानं.

व्हाउचर_फाईल
मान्य, दोनदा नको. पण मग तीन प्रकल्पांत एक माणूस वाटून घ्या. १८ हजारांचा तिसरा हिस्सा ६ हजार, तीन वर्षांत प्रत्येकावर २ लाख १६ हजार. साडेएकवीसचे सव्वासात टक्के झाले. आता बोला.

ताळेबंद
बोलतो. तीन मंजुऱ्या, तीन उपयोगिता प्रमाणपत्रं, संपण्याच्या तारखाही तीन. पहिला प्रकल्प ऑक्टोबरात संपला की त्याचा हिस्सा कोण उचलणार? नेमणुकीच्या आदेशातच प्रमाण लिहावं लागेल, दरमहा कामाचा तक्ता तिन्ही मुख्य संशोधकांच्या सहीनं ठेवावा लागेल, आणि मूळ प्रस्तावातच पद दाखवावं लागेल. मंजुरीनंतर आकस्मिक खर्चातून पगार काढलात तर ती वसुली लागणार. एवढं सगळं करत असाल तर पद घाला बापडे. मी फाईल अडवणार नाही.

तेरणाकाठ
आणि तो दरमहाचा तक्ता भरणार कोण? जेआरएफच ना?

व्हाउचर_फाईल
नाही. तोच सहायक भरेल. त्याच्या पगाराचं बिल त्या तक्त्याशिवाय पुढं सरकायचंच नाही म्हटल्यावर एक तारखेला तक्ता टेबलावर असतो की नाही बघा.