‘आपद्ग्रस्तांना प्राधान्य’ : ग्रस्त की बाधित?

प्रश्न

एका कायद्याच्या सारांशाचा मराठी अनुवाद करते आहे. अमेरिकेत मोठी आपत्ती आली की ढिगारा उपसणे, साहित्य वाटणे, पुनर्बांधणी अशी सरकारी कंत्राटे आधी त्या भागातल्या व्यावसायिकांना द्यावीत, असे १९८८च्या स्टॅफर्ड कायद्याचे कलम ३०७ सांगते. मी लिहिले, ‘आपद्ग्रस्तांना शासकीय खरेदीत प्राधान्य’. तपासणाऱ्यांनी ‘ग्रस्त’ खोडून ‘बाधित’ केले, कारण लिहिले नाही. फरक काय? आणि ‘प्राधान्य’ चालेल ना?

प्रतिसाद

‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. पंचांगात ‘ग्रस्तोदित’ ग्रहण असते ना, म्हणजे ग्रहण लागलेल्या स्थितीतच उगवलेले बिंब, तोच हा ग्रस्त. पूरग्रस्त म्हणजे पुराने गिळलेला. ‘बाध्’ म्हणजे अडवणे, त्रास देणे. पुरात घर गेले तो पूरग्रस्त. ज्याचे घर आणि दुकान शाबूत आहे, पण रस्ता खचल्यामुळे गिऱ्हाईक येत नाही, तो बाधित. ‘दुष्काळग्रस्त भाग’ आपण म्हणतोच, त्यामुळे ग्रस्त फक्त माणसाला लागतो असे नाही. पण ऐकताना डोळ्यांपुढे माणूसच येतो.

जाता जाता: लिहायचेच तर ‘आपद्ग्रस्त’ किंवा ‘आपत्तिग्रस्त’. समासात ‘त्ति’ ऱ्हस्व.

प्रतिसाद

ताई, तुमच्या तपासनिसांचे बरोबर आहे, आणि कारण व्युत्पत्तीपेक्षा कायद्यात आहे. कलम ३०७ नुकसान किती झाले ते विचारतच नाही. माणूस त्या भागात राहतो का किंवा व्यवसाय मुख्यतः तिथे चालतो का, एवढेच विचारते. तिथल्या खरेदी नियमांत याची कसोटी अशी: गेल्या १२ महिन्यांत मुख्य कार्यालय त्या भागात असावे, आणि निम्मे तरी उत्पन्न व निम्मे तरी कायम कर्मचारी त्याच कार्यालयाचे असावेत. वादळात ज्याची एक काचही फुटली नाही, असा ठेकेदारही यात बसतो. त्याला आपद्ग्रस्त कसे म्हणणार? पैसा त्या भागात फिरावा, तिथल्या माणसांच्या हाताला काम मिळावे, हा हेतू आहे. म्हणून बाधित ‘क्षेत्र’, आणि माणूस ‘स्थानिक’.

मी निविदांच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत. ढिगारा उपसायला बाहेरून डंपर येतात आणि तिथला डंपरवाला किल्ली हातात घेऊन बघत उभा राहतो. नाहीतर त्याचाच डंपर तिसऱ्या पोटकंत्राटदाराखाली पडत्या भाड्यात लागतो. हे पाहिले आहे, म्हणून या शब्दांबद्दल इतके पोटतिडकीने लिहितो.

प्रतिसाद

‘प्राधान्य’बद्दल माझी तक्रार आहे. या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, निविदा फक्त स्थानिकांनीच भरायची. बाहेरच्याला दारच बंद. कॅटरिना वादळ २००५ साली आले, त्यानंतर २००६च्या दुरुस्तीने या प्रकाराला कायद्यात स्पष्ट जागा मिळाली. याला सरळ ‘राखीव निविदा’ म्हणावे. दुसरी, निविदा सगळ्यांना खुली, पण तुलना करताना स्थानिकाच्या बाजूने काही वजन टाकायचे. बोलताना आपण याला ‘झुकते माप’ म्हणतो आणि चित्र अगदी नेमके आहे, मात्र त्याला पक्षपाताचा वास येतो. कागदावर ‘मूल्यमापनात अधिमान’ लिहा. शब्द जड आहे, पण गफलत होत नाही.

प्रतिसाद

‘अग्रक्रम’ का नको?

प्रतिसाद

अग्रक्रमात रांग आहे: आधी कोण, मग कोण. तातडीच्या कामांच्या यादीला तो शोभतो. इथे रांग नाही, निवड आहे.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार. आता असे करते: ‘बाधित क्षेत्रातील स्थानिक व्यावसायिकांना शासकीय खरेदीत प्राधान्य’, आणि त्याखाली ‘राखीव निविदा’ व ‘मूल्यमापनात अधिमान’ हे दोन प्रकार वेगळे. अजून एक अडले आहे. स्थानिकांना प्राधान्य द्यावे, असे सांगणाऱ्या वाक्याची सुरुवात मी ‘शक्य व व्यवहार्य असेल तितपत’ अशी केली आहे. मूळ अटच तशी सैल आहे. आणि तक्त्यात स्थानिकांच्या रकान्याला ‘लाभार्थी’ असे शीर्षक दिले आहे.

प्रतिसाद

‘तितपत’ राहू द्या. अट सैल आहे तर अनुवादात ती घट्ट करायचा अधिकार आपल्याला नाही.

‘लाभार्थी’ मात्र काढा, हात जोडून सांगतो. ज्याला फुकट काही मिळते तो लाभार्थी. हा माणूस निविदा भरतो, अनामत ठेवतो, मजूर लावतो, काम पुरे करून बिल लावतो. रकान्यात ‘पुरवठादार’ लिहा. बांधकाम असेल तिथे ‘कंत्राटदार’.